पोटाचा फोटो

१९७१ साल. पोटाचा फोटो काढायचा म्हणजे तेव्हा रात्रभर उपाशी राहायचं, सकाळी खडू कालवल्यासारखं पांढरं औषध पेलाभर प्यायचं आणि थंडगार फळीवर उताणं पडायचं. शिंप्याने ते सगळं निमूटपणे केलं होतं.

डॉक्टरांनी ओली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. शिंप्याच्या बायकोला पांढरंशुभ्र जठर दिसलं, आणि त्याच्या कडेला कुणी चावा घेतल्यासारखी काळी जागा.

"ही गाठ," डॉक्टर म्हणाले. "वेळ घालवायचा नाही. उद्या सकाळी पोट उघडू."

शिंपी नुसता फिल्मकडे बघत होता. मग एकदम म्हणाला, "डॉक्टर, मी सकाळी केळं खाल्लं होतं. भूक आवरली नाही."

"उपाशी राहायला सांगितलं होतं ना? शाळेतल्या पोरासारखं काय वागता!" डॉक्टरांनी फिल्म टेबलावर टाकली. "मग हा फोटो फुकट गेला. गाठ आहे की केळं, कसं कळणार? आता यंत्र दुरुस्तीला जातंय. महिन्याने या."

बाहेर आल्यावर तिला हसू आवरेना. केळं! एवढ्याशा केळ्याने जीव टांगणीला लावला होता. "खादाड कुठले," असं म्हणत ती वॉर्डातल्या खाटेवरचं सामान आवरू लागली. शिंपी हसला नाही.

पिशवीच्या तळाशी पंचा होता. पंचात केळं होतं. फोटो झाल्यावर द्यायचं म्हणून तिनेच आणलेलं, एकुलतं एक.

"अहो, हे काय?"

"हळू बोल." त्याने तिचं मनगट धरलं. "आयुष्यभर कापड कापलं गं मी. कात्री कुठे घसरते, मला ठाऊक आहे. एक महिना. महिनाभर ते केळंच आहे असं समजू आपण."

तिलाही समजायचं होतं. ती पिशवी घेऊन उभी राहिली. दार डावीकडे होतं, डॉक्टरांची खोली उजवीकडे.

तिने केळं डॉक्टरांच्या टेबलावर, फिल्मच्या शेजारी ठेवलं. "हे ते केळं."

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उचलून उजेडात धरली. "ते तयार होतील?"

"मी करते तयार."

गाठ निघाली. आणखी उशीर झाला असता तर आपणही हात टेकले असते, असं डॉक्टर म्हणाले. पुढे ते दुसऱ्या गावी गेले आणि तिथेच वारले. शिंप्याने कितीतरी दिवस बायकोशी अबोला धरला, पण उरलेल्या पोटावर तो चांगला म्हातारा झाला. आल्यागेल्याला पोटावरची शिवण दाखवायचा आणि टाका वाकडा आहे म्हणून नावं ठेवायचा. केळ्याचं नाव मात्र घरात कुणी काढलं नाही.

मग एके दिवशी तिच्या पोटाचा फोटो उजेडाच्या पेटीवर लागला. तरुण डॉक्टरीणबाईंनी एका डागावर बोट ठेवलं.

"सकाळी मी केळं खाल्लं होतं," ती घाईघाईने म्हणाली.

शिंप्याने तिच्या मांडीवरची पिशवी ओढून घेतली, चष्मा वर सरकवला आणि आत हात घातला.