तेरा साते

मंदाकिनीबाईंनी बेल वाजवली आणि लगेच त्यांना वाटलं, परत फिरावं. सदाशिव पेठेतून विश्रांतवाडीला येताना रिक्षात त्यांनी एकच वाक्य दहादा घोकलं होतं. आता दार उघडायच्या आतच ते पार पळालं.

कालपर्यंत त्यांच्या वर्गात त्यांना कुणी चूक म्हटलं नव्हतं. काल शिष्यवृत्तीच्या मुलांसमोर त्यांनी फळ्यावर लिहिलं, ९१ ही मूळ संख्या. पूर्णिमा हात वर करून म्हणाली, नाही. पाचवीतली पोर, आणि सांगतेय कुणाला, तर पस्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईंना.

"दोननं भाग जातो? तीननं? पाचनं? मग कुणानं जातो, तुझ्या आत्यानं?"

वर्ग खो खो हसला. बाईंनी पूर्णिमाला उभं करून 'एक्याण्णव मूळ आहे' असं वदवून घेतलं. वर तीनदा म्हणाल्या, "पुन्हा म्हण."

आज सकाळी औषधवाल्यानं त्यांना रोजची एक अशा तेरा आठवड्यांच्या गोळ्या मोजून दिल्या. एक्याण्णव. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दोनला विचारलं, तीनला विचारलं, पाचला विचारलं, आणि साताला विचारायचंच राहिलं. नेमकं तिथंच घोडं पेंड खात होतं. वर्गात गेल्या, तर पूर्णिमा आलेलीच नाही. मग त्यांचा जीव थाऱ्यावर राहीना.

दार पूर्णिमाच्या वडिलांनी उघडलं. संपत कंपनीत कामाला. दुपारची पाळी, म्हणून अजून घरी होता. बाईंना पाहून तो ओशाळला.

"आपण कशाला तसदी घेतली बाई? मीच आणणार होतो तिला माफी मागायला. उलटं बोलली म्हणे."

"अहो, तसं नाही. मला जरा..."

"काल बसवून पाढे पक्के करून घेतले. तुमच्यासमोर म्हणू दे. ये गं, तेराचा म्हण."

पूर्णिमा आतून आली. तिनं हाताची घडी घातली. बाईंकडे न बघता सुरू केलं. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. आवाज चांगला खणखणीत होता. बाई अजून उंबऱ्यातच उभ्या, पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत.

"तेरा पंचे पासष्ट. तेरा सक अठ्ठ्याहत्तर." पूर्णिमानं श्वास घेतला. "तेरा आठे एकशे चार."

संपतनं समाधानानं मान हलवली.

"मधलं एक राहिलं," बाई म्हणाल्या.

"राहिलं नाही. तुम्ही काढलं ना काल," पूर्णिमा म्हणाली. "मी वहीतनंपण खोडलं."

बाईंना फार लाज वाटली. संपत दोघींकडे आळीपाळीनं पाहत होता, त्याला यातलं काही उमगत नव्हतं.

मंदाकिनीबाईंनी पर्स खाली ठेवली. चपला काढल्या, आत आल्या, पूर्णिमासमोर उभ्या राहिल्या आणि हाताची घडी घातली.

"तेरा साते एक्याण्णव," त्या म्हणाल्या. "मी चुकले."

पूर्णिमानं वडिलांकडे पाहिलं, मग बाईंकडे. मनातल्या मनात काहीतरी मोजलं.

"पुन्हा म्हणा," ती म्हणाली.