दातातला दोरा

बटण तुटलं कसं, हेच गुंडेरावांना कळेना. देवराज मोहल्ल्यात शर्ट शिवण्यात जन्म गेला त्यांचा. कॉलर फाटेल, कापड विरेल, पण गुंडेरावांनी हाताने लावलेलं बटण निघालं असं कुणी सांगावं! कुवेंपुनगरातली नोकरदार मंडळी वाट वाकडी करून इथे येत, ती काय उगाच? आणि आज, नेमकं आज, पोरगा बॅग घेऊन दारात उभा असताना छातीवरचं बटण त्याच्या तळहातावर!

"अयो देवा, आत्ताच व्हायचं होतं का हे?" कुसुमावती म्हणाली. "अहो, स्वल्प लावून द्या की. ऑटो येऊन थांबलाय."

"दुसरा शर्ट घाल म्हणावं त्याला," गुंडेराव मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

"हाच घालणार," गगननेही आईलाच सांगितलं. "अप्पांनी शिवलाय. आणि काढत बसायला वेळ नाही, अंगावरच लावा म्हणावं."

असा कारभार चालला होता घरात. बापलेक एकमेकांशी बोलायचे ते कुसुमावतीच्या तोंडून. गगनची सैन्यात निवड झाली, त्या दिवसापासून.

त्या दिवशी काय जुंपली होती दोघांची! बापाने एक म्हणावं, पोराने दोन सांगावीत. "बर्फात काय हाल होतात ठाऊक आहे का?" "शिकवतात अप्पा, सगळं शिकवतात." "आणि हे दुकान?" "दुकानाला तुम्ही आहात की." "अरे, तुला काही झालं तर?" "ते तर इथे बसखाली येऊनही होतं, अप्पा." झालं! गुंडेरावांचं डोकं फिरलं. कात्री टेबलावर आपटून ते ओरडले, "सुम्निर! एकदम गप्प! शब्दाला शब्द लावतोस? तुझं तोंड बंद राहील त्या दिवशी मी बोलेन तुझ्याशी. तोवर नाही!"

आणि खरंच नाही बोलले. हट्टी माणूस.

राग कसला, भीती होती ती. टीव्हीवर सीमेची बातमी लागली की ताट तसंच टाकून ते बाहेरच्या खोलीतल्या दुकानात येत आणि बंद मशीनपुढे बसून राहत. एकुलता एक पोर. पंख्याशिवाय ज्याला झोप येत नाही, तो कुठल्या डोंगरावर जाऊन उभा राहणार? 'भ्यालो रे मी, म्हणून ओरडलो,' एवढं तरी पोराला सांगायचं होतं त्यांना. पण आपण तोंड उघडायचं, पोराने उलट काहीतरी म्हणायचं, की पुन्हा भडका उडायचा. म्हणून आज सांगू, उद्या सांगू करता करता जायचा दिवस येऊन ठेपला.

गुंडेराव सुई ओवून उठले. अंगावरचं कापड शिवायचं, तर घरची रीत ठरलेली. घालणाऱ्याने दातात दोरा धरायचा आणि बटण लागेपर्यंत ब्र काढायचा नाही. मध्येच बोललं तर अपशकुन. शिंप्याचाच पोर तो, त्याला सांगावं लागलं नाही. गगनने रिळाचा दोरा तोडला, दातात धरला आणि ताठ उभा राहिला.

गुंडेरावांनी कापडात अडकलेले जुने धागे उपटून टेबलावर टाकले आणि सुई घातली. पोराच्या छातीची धडधड बोटांना लागत होती. गगन त्यांच्याकडेच बघत होता. एकदा त्याने भुवया उंचावल्या. गुंडेरावांना वाटलं, घाई करतोय. 'सांभाळून राहा रे' म्हणायचं सोडून त्यांनी पुढचा टाका घातला. त्यांनी नको तितके वेढे दिले त्या बटणाला. शेवटी बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवायला लागला. त्यांनी गाठ मारली आणि वाकून दोरा दाताने तोडला. क्षणभर कपाळ पोराच्या छातीला टेकलं.

"झालं म्हणावं," ते कुसुमावतीला म्हणाले.

गगन तरीही तसाच उभा. दोरा दातात, नजर बापावर. मग त्याने दोरा काढून खिशात ठेवला आणि वाकून पाया पडला. गुंडेरावांनी डोक्यावर हात ठेवला. मायलेक ऑटोत बसून स्टेशनकडे गेले.

गुंडेराव टेबल आवरायला लागले. ते जुने धागे तिथेच पडले होते. सवयीने त्यांनी चिमटीत धरून उजेडात पाहिले. ओढून तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजतं. ही टोकं साफ, सरळ होती. खिळ्याला टांगलेली छोटी कात्रीही जागेवर नव्हती. जिथे गगन मघाशी केस विंचरत होता, त्या आरशाखाली ती पडली होती.

ते तसेच अनवाणी रस्त्यावर धावले. ऑटो केव्हाच वळून गेला होता. त्यांनी फोन लावला.

"बोला, अप्पा."

सांगायचं होतं ते सगळं पुन्हा राहिलं. बाहेर आलं ते भलतंच.

"बटण कशाला कापलंस रे?"

पलीकडे ऑटोची घरघर ऐकू येत होती.

"तोंड बंद ठेवलं होतं की मी, अप्पा," तो म्हणाला. "तुम्ही बोललाच नाहीत."