घोड्यांतून कबुतरांत

डोकं बसलं. मानेच्या तुटक्या कडेवर ते अंगठ्याएवढं मातीचं डोकं असं चपखल बसलं, की मधून कागदही सरकला नसता. विभावरीने मात्र ते लगेच उचलून घेतलं.

कारण ते धड उर्वीचं होतं.

ग्रीसमधल्या एका जुन्या उत्खननातले भाजक्या मातीच्या मूर्तींचे तुकडे आखातातल्या हमद पोर्टवर उतरून अल रय्यानच्या या गोदामात आले होते. दोघींनी ते पुसायचे, आतल्या बाजूला बारीक शाईने नंबर घालायचे, माणसं, घोडे, पक्षी अशा जातवार ट्रेमध्ये लावायचे, जुळतील ते जुळवायचे. नोव्हेंबरात फुटबॉलचा विश्वचषक, त्याआधी प्रदर्शन. दालनाच्या मधोमध काचेत एकच मूर्ती राहणार होती. तीच पोस्टरवर, आणि खाली जुळवणारीचं नाव.

विभावरी इथली सगळ्यांत जुनी, रोज अल खोरहून गाडी हाकत येणारी. तिने आपली बाई डोक्यापासून तळापर्यंत जोडली होती, करंगळीसकट. उर्वी नाशिकहून काल-परवा करारावर आलेली पोरगी. तिने अंगाला वस्त्र लपेटलेलं नुसतं धड जुळवलं, तर चहा आणणारा इकबाल वाकून बघून गेला. विभावरीच्या बाईपुढे तो कधी वाकला नव्हता. असल्या गोष्टी विभावरी विसरत नसे.

आणि आता हे डोकं. ते तिला घोड्यांच्या ट्रेमध्ये, मोडक्या पायांखाली सापडलं होतं. पेट्या भरणाऱ्याचा वेंधळेपणा, दुसरं काय! पण उर्वीच्या हाती लागलं, की पोस्टर तिचंच.

उर्वी जेवायला गेली होती. चोरी विभावरीच्या स्वभावात नव्हती. त्याला धीर लागतो. तिने डोकं पक्ष्यांच्या ट्रेमध्ये, दोन कबुतरांच्या मध्ये सारलं. वस्तू गहाळ झाली तर चौकशी होते. चुकीच्या ट्रेमध्ये गेली तर ती नजरचूक.

"डोकं काही मिळत नाही हो, ताई," परत आल्यावर उर्वी म्हणाली.

"मिळेल गं. इन्शाल्ला," विभावरी मायेने म्हणाली.

निवडीच्या दिवशी प्रदर्शनाच्या प्रमुख सलमा आल्या. विभावरीच्या बाईला "बहुत अच्छी" म्हणाल्या, दुसऱ्याच्या मुलाला म्हणतात तसं. मग उर्वीच्या धडापुढे उभ्या राहिल्या, त्या राहिल्याच.

"सिर नहीं है, इसीलिए तो नज़र नहीं हटती. खलास. पोस्टर पे यही."

सलमा फोन घेत दाराकडे वळल्या, तशी विभावरी पक्ष्यांच्या ट्रेकडे झेपावली. डोकं आत्ताच्या आत्ता "सापडायला" हवं होतं. एकदा का ते बसलं, की उर्वीची बाईही चारचौघींसारखी. तिने कबुतरं बाजूला केली, डोकं मुठीत घेतलं, हाक मारायला तोंड उघडलं.

उर्वीने हळूच तिचं मनगट धरलं.

"राहू द्या ना, ताई," ती कानाशी म्हणाली. "मी आपलं घोड्यांत लपवलं होतं. तुमची कबुतरांची जागा जास्त चांगली आहे."