न आलेल्या माणसाबद्दल तक्रार

"प्लंबरसुद्धा आला नाही हो साहेब," योझेफीनबाई म्हणाल्या. "पुरुषमाणूस म्हणून कुणी उंबरठा ओलांडला नाही माझा."

टाइप करता करता वाऊटरचे हात थांबले. बेल्जियममधल्या मेखेलेन गावच्या ग्राहक कार्यालयात तो बरीच वर्षं बसत होता. युरोपातल्या दुसऱ्या देशातल्या दुकानांनी ज्यांना फसवलं, त्यांच्या तक्रारी सोडवणं हे त्याचं काम. न आलेले बूट, बंदच न होणारी वर्गणी, रद्द झालेलं विमान. न आलेल्या माणसाची तक्रार मात्र पहिलीच.

योझेफीनबाई साठीला टेकलेल्या, विधवा. गावात त्यांचं लोकरीचं आणि बटणांचं दुकान होतं. पोर्तुगालमधून वेबसाइट चालवणाऱ्या मादाम सेलेस्त नावाच्या ज्योतिषीणबाईंकडून त्यांनी ऑनलाइन भविष्य विकत घेतलं होतं. 'वसंत सरायच्या आत तुमची बाजू घेणारा माणूस तुमच्या आयुष्यात येईल. शंभर टक्के खात्री, नाहीतर पैसे परत.' आता ट्यूलिप गळून गेले होते.

"पैसे परत मागितलेत?"

"मागितले की! तिथं मशीनच उत्तर देतं. म्हणे, ग्रह सध्या सावकाश चाललेत."

पलीकडच्या टेबलावरची नाडीन फिसकन हसली. "वाऊटर, आता भविष्यालाही हमी लावणार का रे? उद्या कुणी देवाविरुद्ध तक्रार घेऊन येईल!"

"देवानं जाहिरातीत शंभर टक्के लिहिलं असेल, तर तीही घेईन," वाऊटर म्हणाला. चेहरा गंभीर. तो थट्टा करत नव्हता.

तो होताच तसा. दुसऱ्याच्या दहा युरोंसाठी चार देशांशी भांडेल, पण बायको गेल्यापासून स्वतःसाठी त्यानं काही मागितलं नव्हतं. घर, कार्यालय, मध्ये सूपच्या दुकानात फोनकडे बघत उरकलेलं जेवण. संपला दिवस.

पुढच्या भेटीला बाई तांदळाच्या खिरीचा टार्ट घेऊन आल्या.

"आम्हाला तक्रारदाराकडून काही घेता येत नाही, बाई."

"कार्यालयात नका घेऊ. बाहेर बाकावर या. मनुके नाहीत यात."

मनुके वाऊटरला लहानपणापासून आवडत नसत. तो गेला. नदीकाठच्या बाकावर टार्ट खाता खाता बाईंनी त्यांच्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली. तो दर आठवड्याला एकच बटण विकत घ्यायचा. कारण विचारलं तर म्हणाला, अजून कोट परवडत नाही. वाऊटर इतक्या मोठ्यानं हसला, की नाडीननं खिडकीशी सगळ्या कार्यालयाला गोळा केलं.

तिकडे पोर्तुगालशी लढाई चालूच होती. वाऊटरनं दाखवून दिलं, की वेबसाइटवर करार रद्द करायचं बटण चंद्राच्या चित्रामागं लपवलंय. मादामकडून उत्तर आलं, 'ग्राहकानं मनाचं दार उघडं ठेवलं नसेल.' वाऊटरनं लगेच कळवलं, 'दार उघडं ठेवणं ही ग्राहकाची जबाबदारी असल्याचं आपल्या अटींत कुठंही नमूद नाही.'

हे वाचून बाई पोट धरून हसल्या. "माझ्यासाठी इतकं भांडलेलं मी कुणाला पाहिलं नाही बाई," त्या म्हणाल्या आणि लगेच पर्समध्ये रुमाल चाचपू लागल्या.

आता एक शेवटचं, कडक पत्र गेलं असतं, तर पैसे नक्की परत आले असते. पण पैसे आले की तक्रार संपणार. तक्रार संपली की बाई येणार नाहीत. एरवी दुपारभरात होणारं ते पत्र वाऊटर लिहितच राहिला. कधी स्वल्पविराम घाली, कधी काढी. शेवटी त्याची त्यालाच लाज वाटली. ग्राहकाला आपणच ताटकळत ठेवतोय की! त्यानं पत्र पाठवून दिलं.

उलट टपाली मादामनं व्हिडिओ कॉलवर तोडगा काढायची तयारी दाखवली.

पडद्यावर एक भरदार बाई उगवल्या. डोक्याला रुमाल, कानांत खांद्यापर्यंत लोंबणारे डूल, आवाज घोगरा.

"पैसे? कशाचे?" मादाम म्हणाल्या. "तुमची बाजू घेणारा माणूस येईल, असं मी म्हटलं होतं. शेजारी कोण बसलंय तुमच्या, बाई?"

नाडीनचं टायपिंग थांबलं. वाऊटरचे कान लालबुंद झाले.

"साहेब, कायदा काय म्हणतो?" योझेफीनबाईंनी हळूच विचारलं.

वाऊटरनं घसा साफ केला. "सेवा... उशिरा मिळालीय. पण मिळाली, असं ग्राहकाला वाटत असेल तर..."

"ग्राहकाला वाटतंय."

"म्हणजे तक्रार मागे?"

"मागे."

वाऊटरनं फाइल बंद केली. मग खुर्चीचा हात घट्ट धरून तो म्हणाला, "आता तुम्ही माझ्या तक्रारदार नाही. म्हणजे आता नियम आडवा येत नाही. जेवायला याल माझ्याबरोबर?"

"कधी?"

"आत्ता!"

आणि तो कोट आणायला धावला. "अरे, थांब तरी!" म्हणत नाडीनही त्याच्यामागं पळाली.

खोलीत योझेफीनबाई एकट्याच उरल्या. कॉल अजून चालू होता. त्यांनी दाराकडे एकदा बघून घेतलं आणि पडद्याजवळ तोंड नेलं.

"ताई, आईचे ते डूल काढ आता, कान तुटतील," त्या कुजबुजल्या. "आणि पुरे तो घोगरा आवाज. सूपच्या दुकानात तीन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर जेवतोय हा माणूस, फोनमधून मान वर काढेल तर शपथ! शेवटी तक्रारच करावी लागली बघ."