मंगळवारचा ईस्टर

एवांथियाने सुपाची वाटी हाताने दूर सारली. "दूध घातलंयस ना यात? आज गुड फ्रायडे आहे, पोरी."

ऑक्टोबरातला मंगळवार होता. पण गेले अकरा दिवस म्हातारीचा शुक्रवार काही सरत नव्हता. या उपासाला दूध-अंडी वर्ज्य, म्हणून मसुराचं दोन चमचे पाणी आणि पावाचा तुकडा, एवढ्यावर ती होती. हृदय थकलंय, काहीही करून अंडी-दूध पोटात जाऊ द्या, असं डॉक्टर सकाळीच बजावून गेले होते.

तिची मुलगी फोतिनी योआनिना शहरातल्या विद्यापीठात उंदरांना एक दिवसाआड उपाशी ठेवायची. मग त्यांच्या हृदयात नि मेंदूत कोणती जनुकं जागी होतात, कोणती निजतात, ते तपासायची. उपाशी उंदरांच्या मेंदूत पेशींची डागडुजी करणारी जनुकं जोमाने कामाला लागलेली तिने स्वतः पाहिली होती. आईने तर साठ वर्षांत उपासाचा एक बुधवार, एक शुक्रवार चुकवला नव्हता. व्याख्यानात फोतिनी कौतुकाने आईचं उदाहरण द्यायची. हल्ली देत नसे.

फोतिनी आईजवळून उठली. कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकडून तिने चार अंडी लाल केली, ईस्टरला करतात तशी, आणि त्यांवर तेलाचा हात फिरवला. देवावर तिचा विश्वास नव्हता, आणि आईशी ती कधी खोटं बोलली नव्हती. अंड्यांची ताटली घेऊन ती आईच्या दारात आली.

"आई, ख्रिस्त उठला."

एवांथियाने मान वर केली. सुकलेला चेहरा उजळला. "खरंच उठला," ती ईस्टरचं ठरलेलं उत्तर पुटपुटली. तिचे डोळे भरून आले. "सुटला बाई उपास. यंदा फार लांबला."

रीतीप्रमाणे दोघींनी अंड्यावर अंडं आपटलं. म्हातारीचं फुटलं नाही, म्हणजे तीच जिंकली, तशी ती लहान मुलीसारखी हसली. मग सोलून, मीठ लावून तिने ते अख्खं खाल्लं. बोटंसुद्धा चाटली.

त्यानंतर बराच वेळ ती फोतिनीकडे बघत राहिली.

"तुम्ही फार चांगल्या आहात," ती अदबीने म्हणाली. "पण सणाच्या दिवशी इथं कशाला बसलात? घरी जा. आई वाट बघत असेल तुमची."

फोतिनीने दुसरं अंडं सोलायला घेतलं.