न बघितलेलं शतक

क्रिकेटमधून निवृत्त होऊन आनंदराज लातूरच्या घरी परतला. चार दिवस हारतुरे झाले, मग फोनही वाजेनासा झाला. आई गेलेली, त्यामुळे घरात आता तो आणि त्याचे वडील, दादा, दोघंच. तो भारताकडून खेळायला उतरला की सारी गल्ली टीव्हीसमोर बसायची. पण डाळमिलमध्ये पोती वाहिलेल्या त्याच्या बापानं पोराची एकही मॅच बघितली नव्हती. "मला काय कळतंय त्यातलं," एवढंच दादा म्हणायचे. ती सल आनंदराजनं कधी कुणाला बोलून दाखवली नाही.

एका दुपारी त्यानं मेलबर्नमधल्या आपल्या जुन्या शतकाचं रेकॉर्डिंग लावलं आणि दादांना हाताला धरून शेजारी बसवलं. पडद्यावर तो बॅट घेऊन मैदानात उतरला, तसे दादा उठले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

आनंदराज मागोमाग आला. "आज बी बघू वाटंना का, दादा?"

"तुझ्या पहिल्या मॅचला दारातून जरा डोकावलो, अन् तू शून्यावर गेलास. तवापास्नं तू खेळाय आलास की म्या घरात थांबलो न्हाई." दादांनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"तू जा आत. शंभर झाले की हाक मार."