राणी आणि बूट

"बूट काढ आधी!" खड्ड्यात पाय टाकताच नवरा माझ्यावर खेकसला.

थरच्या वाळवंटातलं हे उत्खनन आमचं दोघांचं होतं, पण राणीचा सांगाडा सापडल्यापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. तिच्या बरगड्यांवरची वाळू तो इतक्या हळुवारपणे झाडायचा, की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या सवतीशी भांडायचं तरी कसं?

दुपारी तो वर चहा पीत असताना खड्ड्याची भिंत माझ्यावर कोसळली. नाकातोंडात वाळू गेली. शेवटी दोन हातांनी मला खेचून बाहेर काढलं.

जरा श्वास घेतल्यावर पाहिलं, तर त्याच्या वाटेत राणी आली होती. तिच्या बरगड्या मोडल्या होत्या आणि त्यांवर त्याच्या बुटांचे ठसे होते.

मी अनवाणीच खाली बसले आणि सवतीचे तुकडे वेचू लागले.